बिब्ब्याचे हात

माझ्या सासूबाई, सिंधूबाई, क्योतोला आल्या त्या एकाच कामासाठी. जे लेकरू होईल ते मांडीवर घ्यायचं. बाकी त्यांना काही म्हणजे काही नको होतं. सोन्याचं देऊळ नको, बुलेट ट्रेन नको, खरेदी तर अजिबात नको. ओसाकाच्या विमानतळावर माझ्या नवऱ्याचा जुना स्वेटर घालून ट्रॉलीला घट्ट धरून उभ्या होत्या. मी पोट सावरत वाकले, तर पाया पडू देईनात. दोन्ही तळवे माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "पाह्य बरं, झाले का नाई साफ?"

मी पाहिले. तळव्यांवरचं काळं बऱ्यापैकी निघालं होतं. नखांच्या कडा आणि बोटांच्या पेरांतल्या भेगा तेवढ्या अजून काळ्या होत्या. मी म्हटलं, "झाले की हो आई, छान झाले." त्यावर ती बाई जी हसली, ते हसू मी विसरणार नाही.

मी उत्तरा, माहेर पुण्याचं, कोथरूडचं. लग्नाआधी मला बिब्बा माहीत होता तो फक्त कुणीतरी कुणाच्या तरी कामात घालतं तेवढाच. डिंकाच्या लाडवातली गोडंबी मी चवीनं खाल्लेली, पण ती येते कुठून असा प्रश्न मला जन्मात पडला नव्हता. ती त्या काळ्या बिब्ब्याच्या पोटात असते. वाशिमकडे माझ्या सासरच्या गावात बायका हाताला राख चोळून बसतात, बिब्बा दगडावर ठेवतात आणि ठोकतात. टरफलातून काळं तेल उडतं. ते अंगावर पडलं की माणूस उततो. फोड येतात, त्यातून पाणी गळतं, खाजवून जीव नकोसा होतो आणि मागे काळे चट्टे राहतात. सासूबाईंनी लग्न झाल्यापासून हेच काम केलं. सासरे लवकर गेले, त्यानंतर तर दुसरं होतंच काय!

मला दिवस गेल्याची बातमी फोनवर सांगितली, त्याच संध्याकाळी त्यांनी आपली ठोकणी उचलून शेजारच्या गीताबाईंना देऊन टाकली. तेव्हापासून रोज खोबरेल तेल, बेसन, लिंबाची सालं. फोन केला की आधी हातांचा अहवाल. "अंगठा निघाला आज," म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, "अहो आई, बाळाला काय कळतंय काळं नि गोरं?" त्या म्हणाल्या, "मले काळ्या हातानं नाई घ्याचं लेकरू व पोरी." मला वाटलं, लाजतात. जपानमधली सून, कोथरूडची, तिच्यापुढे कसे न्यायचे असले हात. माझी अक्कल तेवढीच.

आता माझा नवरा. विश्वजित हे नाव शाळेतल्या बाईंनी ठेवलं, घरात तो विशू. बिब्ब्यांपासून लांब राहावा म्हणून सासूबाईंनी त्याला लहानपणीच अकोल्याच्या वसतिगृहात धाडला. एकुलतं एक पोर, काळजावर दगड ठेवून डोळ्याआड केलं. आणि या दिवट्यानं काय करावं? रसायनशास्त्र शिकला, डॉक्टरेट केली आणि क्योतोच्या विद्यापीठात येऊन बसला तो उरुशीच्या प्रयोगशाळेत! उरुशी म्हणजे इथल्या एका झाडाचा चीक. सालीला आडवे चरे पाडायचे आणि त्यातून पाझरेल तो थेंब थेंब खरवडून घ्यायचा. इथले लाकडी वाडगे, देवळांचे खांब, सगळ्यांना त्याचंच रोगण असतं. ते झाड, बिब्बा, आपला काजू आणि आंबा, सगळे एकाच कुळातले. उरुशीचा ओला चीक लागला की माणूस थेट बिब्ब्यासारखाच उततो. जपानी लोक त्याला काबुरे म्हणतात. म्हणजे आईनं जिथून हाकलला होता, तिथेच हा समुद्र ओलांडून पोचला.

हे मी त्याला ऐकवायचे. तो म्हणायचा, "अगं, मायच्या हातांचा तो काळा रंग साबणानं जायचा नाही, रॉकेलनं जायचा नाही. मी पहिलीत असताना मला प्रश्न पडला होता, का जात नाही? अजून तोच प्रश्न चालू आहे." मग व्याख्यान सुरू. पाइनच्या राळेशिवाय कागदावर शाई फुटते आणि व्हायोलिनचा गज मुका राहतो. काजूच्या टरफलाचं तेल गाड्यांच्या ब्रेकमध्ये जातं. आणि उरुशी तर काय, एकदा घट्ट झाली की आम्ल ओता नाहीतर उकळतं पाणी ओता, हूं की चूं नाही. खनिज तेलापासून केलेल्या रंगांच्या जागी झाडाच्या चिकाचं रोगण आणायचं, आगगाडीच्या डब्यांना, फोनच्या पाठींना, हे याचं स्वप्न. वरण गार व्हायचं पण स्वप्न संपायचं नाही.

अडचण एकच होती. दर हिवाळ्यात विश्वजित उतायचा. प्रयोगशाळेत नव्या माणसाला सुरुवातीला काबुरे होतो आणि मग अंग सरावतं. याचं उलटंच. दोन-दोन हातमोजे, मास्क, चष्मा, सगळं करूनही थंडी आली की मानेपासून मांड्यांपर्यंत लालभडक. आदल्या वर्षी तर डोळे सुजून मिटले. शेवटी त्याच्या प्राध्यापकांनी चहा देऊन, मान लववून, अतिशय नम्रपणे सांगितलं की पुढच्या हिवाळ्यात पुन्हा झालं तर आपण विषय बदलण्याचा विचार करू या. इथे इतक्या नम्रपणे सांगतात तेव्हा निर्णय झालेला असतो. विश्वजित त्या दिवशी सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आला.

आणि दर हिवाळ्यात, दिवाळी सरली की सासूबाईंचा डिंकाच्या लाडवांचा डबा यायचा. गोडंबी मुठीमुठीनं घातलेली. आता तुम्हाला कळलं असेल. आम्हाला नाही कळलं. आईच्या डब्यावर कोण संशय घेतं हो?

तर त्या वर्षी डबा नाही, डबेवालीच आली. बाळंतिणीला हवेत म्हणून इथेच परातभर लाडू वळले. गोडंबी गीताबाईंनी फोडून दिलेली. सासूबाईंनी ती स्वतः तीनदा धुऊन भाजून आणली होती. मला एक, विशूला दोन, असं रोज चाललं. मला काहीही झालं नाही. विश्वजित मात्र, मी दवाखान्यात भरती झाले त्याच सुमारास उतायला लागला.

मुलगी झाली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दवाखान्यात फक्त नवऱ्याला येऊ देत, आजीला नाही. सासूबाईंनी नात पाहिली ती फोनच्या काचेत. विश्वजित सांगायचा, "माय पहाटेच उठते, हात धुते, तेल लावते आणि तुमची वाट बघत बसते." त्याचा स्वतःचा चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला. मला रडू यायचं ते बाळंतपणाचं का याच्या नोकरीचं, तेही कळत नव्हतं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी खोलात जायचं ठरवलं. काय काय खाता ते सगळं आणा म्हणाल्या. त्यानं लाडूही नेला. पाठीवर पट्ट्या चिकटवून कशाकशानं अंग उठतं ते पाहिलं.

निकाल कळला तो नेमका आम्ही घरी आलो त्या दिवशी.

मी बाळाला घेऊन दारात बूट काढत होते. आत सासूबाई जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर त्यांचं जुनं, मऊ झालेलं लुगडं चौघडी करून घातलेलं. दोन्ही हात पुढे. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. मी वाकून बाळ त्यांच्या हातांत देणार, तेवढ्यात मागून विश्वजित एका पायात बूट तसाच ठेवून ओरडला, "माय, सापडलं! उरुशी नाई व, तुह्ये लाडू!"

त्याला केवढा आनंद झाला होता! त्याची नोकरी वाचली होती, त्याची सगळी वर्षं वाचली होती. धाडधाड बोलत सुटला. उरुशीनं अंग आतून पेटवून ठेवलेलं, गोडंबीला लागलेलं तेल त्यात काडी टाकतं, दोन्ही विषं सख्ख्या बहिणी-बहिणी. लाडू बंद केले की तो बरा.

सासूबाईंचे हात तसेच पुढे होते. त्यांनी विचारलं, "पण म्या तर तीनदा धुतली होती. साफ दिसे."

"साफ दिसते माय, पण राहते. धुतलं, भाजलं तरी जरासं राहते. डोळ्याले नाई दिसत, पण राहते."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग हात मागे घेतले, हळूच, आणि पदराखाली झाकले. "गुडघा दुखून रायला व पोरी," मला म्हणाल्या. "पलंगावर निजव तिले. मी मंग घेईन."

विश्वजित तोवर बाल्कनीत जाऊन प्राध्यापकांना फोन लावत होता. काचेतून दिसत होता, फोनवर माणूस दिसत नसताना वाकून वाकून नमस्कार करणारा. मी त्याला कितीदा बोलले असेन त्यावरून. शास्त्रज्ञ कुठचा! दहा मिनिटं थांबला असतास तर काय जग बुडणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर सासूबाईंनी परातभर लाडू जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत भरलेले. खाली नेऊन ठेवले, वर कावळ्यांपासून राखायची जाळी नीट पसरली आणि तिथेच उभ्या राहिल्या, गाडी येईपर्यंत. एखाद्या कावळ्यानंही खाऊ नये म्हणून.

मग रोज नवं कारण. आज गुडघा, उद्या सर्दी, परवा "आत्ताच मिरच्या चिरल्या." बाकी सगळं करायच्या. स्वयंपाक, माझा शेक, फरशी, भांडी. बाळाचे कपडे मात्र मशीनमध्ये मी टाकायचे आणि मीच काढायचे. भाड्याच्या घरात छताला पाळणा टांगता येत नाही, म्हणून आम्ही डोलणारी छोटी खुर्ची आणली होती. तिच्या पायाला त्यांनी माझी ओढणी बांधली आणि स्वयंपाकघराच्या दारात बसून लांबून ओढायला लागल्या. पाळण्याची दोरी म्हणायच्या तिला. बाळ इकडे, आजी तिकडे, मधे माझी लाल ओढणी.

विश्वजितला उशिरानं का होईना, उमगलं. मग तो कामाला लागला. कागदावर रेणूंचे षटकोन काढून आईला दाखवले. बी वेगळी, कातडी वेगळी. कातडी महिन्याभरात आपोआप नवी येते, तू तर कधीपासून बिब्ब्याला हात लावला नाहीस, तुझ्या हातांवर आता कणभरही तेल नाही. त्या सगळं ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या. शेवटी म्हणाल्या, "तू शिकलेला हायेस बापा, खरंच असन. पण लाडू भी साफच होते."

मला राग यायचा. खरं सांगते, कधी कधी वाटायचं, ओढावा यांचा हात आणि ठेवावी पोर त्यांच्या मांडीत. एवढा कसला हट्ट!

बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरलं. घरच्या घरीच, आम्ही तिघं. मी हळदीकुंकवाचं तबक मांडत होते आणि सहज थट्टेनं म्हटलं, "बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. आता आत्या कुठून आणायची? एवढं एक पोर झालं तुम्हाला, त्यात तो हा."

सासूबाई हातातली वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "होती एक. विशूच्या आधीची."

विश्वजितला एवढंच माहीत होतं की एक बहीण होती आणि ती तापानं गेली. उरलेलं त्या बारशाच्या दिवशी आमच्या गालिच्यावर बसून सांगितलं त्यांनी. आवाज चढला नाही, उतरला नाही. बाळंतपणानंतर लगेच बिब्बे फोडायला बसावं लागलं होतं. हात राखेनं घासले, साबणानं धुतले, वास घेऊन पाहिला. साफ दिसत होते. मग पोर घेतली. दुसऱ्या दिवशी तिचे गाल उतले, मग छाती, मग मांड्या, जिथे जिथे आईनं धरलं होतं तिथे तिथे. फोड पिकले. ताप आला. "बारशाच्या आधीच गेली. नाव भी नोतं ठेवलं."

विश्वजितनं विचारलं, "आणि मी?"

"तुले तुह्या आजीनं वाढवलं. मी दुरून पाहो. दूध पाजायच्या टायमाले आजी धरे तुले, मी हात मागं बांधून बसो." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हून तं ठोकणी देऊन टाकली व पोरी. म्हटलं, एकदा तरी उघड्या हातानं घ्यावं एखादं लेकरू."

मला हुंदका आवरेना. त्या मलाच गप्प करायला लागल्या, बाळंतिणीनं रडू नये म्हणून, तेही लांबूनच. मग ओढणी हातात घेऊन दारात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तूच सांग नाव तिच्या कानात." मी सांगितलं, अबोली. त्यांनी पाळणा म्हटला, सगळी कडवी, एकही न चुकता, ओढणी ओढत.

त्यानंतर विश्वजितनं षटकोन काढले नाहीत. पण गप्पही बसला नाही. त्याच्या प्रयोगशाळेला नमुन्याच्या पाट्या रंगवून देणारे एक म्हातारे कारागीर आहेत, ओकुदा-सान. त्यांना त्यानं सगळं सांगितलं असावं. ते एका दुपारी घरी आले, बसनं, मांडीवर पुडकं घेऊन. अबोलीच्या पहिल्या भातासाठी उरुशीचा लाल वाडगा आणला होता, तळहातात मावेल एवढा. तो टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी आपले दोन्ही हात ठेवले. नखं काळी, भेगा काळ्या, मनगटांवर जुने डाग.

सासूबाईंनी ते हात पाहिले, आणि आमच्याकडे आल्यापासून प्रथम खळखळून हसल्या. "माय व! हा तर आमच्याच गावचा हाये!" आपले हात त्यांनी ओकुदा-सानांच्या हातांशेजारी मांडले. म्हाताऱ्याचा हात उलटसुलट करून पाहिला, अंगठा दाबून पाहिला. त्याला हात लावायची त्यांना काही भीती नाही वाटली.

विश्वजित मधे दुभाष्या होऊन इकडचं तिकडे करत होता. ओकुदा-सान म्हणाले, ओली उरुशी जाळते, हे खरं. पण घट्ट झाली की ती वेगळीच वस्तू होते. आम्ही त्यातच लेकरांना पहिला घास भरवतो. सासूबाईंनी विचारलं, उन्हात किती दिवस वाळवता? ओकुदा-सान हसले. ऊन नाही. उन्हात ती वाळतच नाही. ओलसर, उबदार कपाटात ठेवतो, दमट हवेतच ती घट्ट होते. यावर सासूबाईंना फार नवल वाटलं. "आमी तर सगळं उन्हातच टाकतो बाप्पा. मंग झाली का नाई, कळते कसं?" ओकुदा-सानांनी वाडगा तोंडाशी धरला आणि त्यावर 'हाऽ' करून श्वास सोडला. पृष्ठभागावर वाफ धरली आणि लगेच पुसली गेली. ती वाफ कशी उमटते, कशी जाते, त्यावरून डोळ्याला कळतं, म्हणाले.

मग सासूबाईंनी हळूच विचारलं, "तुमी आपल्या लेकराइले घेत होते का, या हातानं?" म्हाताऱ्यानं मान हलवली. रोज. अंघोळसुद्धा मीच घालायचो.

अबोली शेजारीच जागी होती, हात-पाय झाडत. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याच्या लेकराले काही झालं नाई. माह्या लेकराले झालं." आणि चहा ठेवायला उठल्या.

एवढं मात्र झालं, की त्या वाडग्यात त्या रोज गरम सूप प्यायच्या. "विषातून पिऊन रायलो आपण," असं मला कौतुकानं सांगायच्या. वाडग्यावर विश्वास बसला होता. हातांवर नाही. एका सकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर त्या खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या. आपला तळवा तोंडाशी धरून त्यावर 'हाऽ' करत होत्या, मग उजेडात धरून बघत होत्या. पुन्हा 'हाऽ', पुन्हा बघायच्या. माझी चाहूल लागली तेव्हा ओशाळून म्हणाल्या, "काईच दिसत नाई व यात." मी तशीच परत फिरले. न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले.

व्हिसा संपत आला. जायच्या दिवशी सकाळी सासूबाई घरात नाहीत! माझं धाबंच दणाणलं. तोवर एकट्या त्या फाटकाबाहेरही गेल्या नव्हत्या. विश्वजित चपला घालून शोधायला निघाला, तर दारातच भेटल्या. हातात शंभर येनच्या दुकानाची पिशवी. भाषा येत नाही, नाणी ओळखता येत नाहीत, दुकानातल्या मुलीपुढे मूठ उघडून धरली म्हणे, तिनं हवी तेवढी नाणी उचलून घेतली. पिशवीतून काढले ते भांडी घासायचे रबरी हातमोजे. लांब, कोपरापर्यंतचे, गुलाबी.

साबण लावून त्यांनी ते मोजे हातात घालून धुतले, पुसले. मग पाय पसरून बसल्या. मांडीवर तेच लुगडं. दोन्ही गुलाबी हात पुढे करून म्हणाल्या, "दे आता."

मी दिली.

अबोली आधी बावरली. मग तिनं एक रबरी बोट मुठीत धरलं ते सोडेना. सासूबाई हलेनात, डुलेनात, काचेचं भांडं धरावं तशा बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "माय व, रबरातून भी गरम लागते." विश्वजितनं फोटो काढला. फोटोत आजीचे डोळे मिटलेले आहेत आणि कॅमेरा हललेला आहे.

जाताना त्यांनी मोजे पुन्हा धुतले, उलटे करून बाल्कनीत चिमट्याला लावले. विमानतळावर अबोलीच्या अंगावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली, तीही वीतभर अंतर राखून. पुढच्या वर्षी आम्ही जाणार होतो. मी मनाशी ठरवलं होतं, गावी, त्यांच्या अंगणात, त्यांच्याच माणसांत कदाचित जमेल. पोर चालायला लागली असेल, धावत जाऊन स्वतःच गळ्यात पडेल, मग काय करतील? दिवाळीची तिकिटं काढली. त्याआधीच गीताबाईंचा फोन आला. सासूबाई झोपेतच गेल्या.

अबोलीचा पासपोर्ट अजून हातात यायचा होता. विश्वजित एकटाच गेला. दिवस करून परत आला. नंतर कधीतरी जेवताना सांगितलं. घरोघरी सगळ्यांनी तो फोटो पाहिलेला होता. आईनं फोनमध्ये ठेवून गावभर दाखवलेला. बायका त्याला म्हणाल्या, "तुमच्या तिकडं लई थंडी असते म्हणे. सिंधूबाई सांगे, म्हून मोजे घालून घ्या लागते लेकराले." कुणाला काही वेगळं वाटलं नव्हतं. विश्वजितनंही सांगितलं, हो, फार थंडी असते.

त्याचं काम चांगलं चाललंय. अंगावर पुन्हा कधी काही उठलं नाही. लोक अभिनंदन करतात तेव्हा तो मान लववतो आणि विषय बदलतो.

अबोली आता पाळणाघरात जाते. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते. आजीचा तो हललेला फोटो तिच्या खेळण्यांच्या कपाटावर आहे. परवा तिला बाहुलीला दूध पाजायचं होतं. आधी स्वयंपाकघरातला खालचा खण उघडून तिनं ते गुलाबी मोजे काढले आणि खांद्यापर्यंत चढवले. पाय पसरून बसली, मांडीवर टॉवेल घातला, मग बाहुली उचलली, अगदी जपून. मी विचारलं, "अगं, मोजे कशाला?" तिनं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मला एवढंही कळत नाही याचं तिला आश्चर्य वाटलं. जपानीत म्हणाली, "आजी बाळाला असंच घेते ना."

विश्वजित वाचत बसला होता तो उठून तिच्यासमोर येऊन बसला. मोजे काढायला त्यानं हात पुढे केला, आणि मधेच थांबून मागे घेतला.

"हाव," तो म्हणाला. "असंच घेते."